अल्पकालीन भाड्यासाठी पहिले घर घेताना: परवानगीपासून पहिल्या वर्षाच्या हिशोबापर्यंत

घर विकत घेऊन ते पर्यटकांना किंवा कामानिमित्त येणाऱ्यांना काही रात्रींपुरते भाड्याने द्यावे, हा विचार बहुतेकांच्या मनात एका सोप्या गुणाकारातून येतो. एका रात्रीच्या भाड्याला तीसने गुणले की येणारी रक्कम नेहमीच्या मासिक भाड्यापेक्षा कितीतरी मोठी दिसते आणि निर्णय जवळजवळ तिथेच होऊन जातो. या गुणाकारात रिकाम्या रात्री नसतात, साफसफाईचा आणि दलालीचा खर्च नसतो, आणि वर्षातून किती रात्री घर देण्याची कायद्याने मुभा आहे, हेही त्यात नसते. नवा गुंतवणूकदार घर पसंत करतो, कर्ज काढतो, सजावट करतो आणि सर्वांत शेवटी परवानगीची चौकशी करतो. हा क्रम उलटा केला, तर या व्यवसायातले पुष्कळसे नुकसान सुरुवातीलाच टळते, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच पुढील टप्पे त्या उलट्या क्रमाने मांडले आहेत.

पहिला टप्पा: आपण नेमके काय घेत आहोत ते ठरवणे

घर दीर्घ मुदतीच्या भाडेकरूला देणे ही मालमत्तेतील गुंतवणूक आहे. तेच घर रात्रीच्या हिशोबाने देणे हा आतिथ्याचा व्यवसाय आहे आणि मालमत्ता ही त्यातली फक्त एक साधनसामग्री आहे. पहिल्या प्रकारात वर्षातून एकदा करार होतो आणि महिन्यातून एकदा पैसे येतात. दुसऱ्या प्रकारात दर काही दिवसांनी नवा पाहुणा येतो, प्रत्येक वेळी घर स्वच्छ करावे लागते, प्रश्नांना तासाभरात उत्तरे द्यावी लागतात आणि रात्री उशिरा गरम पाणी येत नसल्याचा फोनही घ्यावा लागतो. हे काम स्वतः करणार की पैसे देऊन करून घेणार, याचे उत्तर घर शोधण्याआधीच हवे, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर फिरतो.

ज्याला या कामाचा अनुभव नाही, त्याने घर विकत घेण्याआधी ते करून पाहावे. नियमांत बसत असेल तर राहत्या घरातली एक खोली काही महिने द्यावी, किंवा दुसऱ्या एखाद्या मालकाच्या घराचे व्यवस्थापन सहयजमान म्हणून सांभाळावे. घर भाड्याने घेऊन पुढे रात्रींच्या हिशोबाने देण्याचाही मार्ग आहे. त्यात भांडवल कमी लागते, पण मूळ मालकाची स्पष्ट लेखी संमती नसेल तर तो करारभंग ठरू शकतो. शिवाय पाहुणे येवोत न येवोत, मालकाला दरमहा भाडे द्यावेच लागते.

दुसरा टप्पा: परवानगी

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो उरकून टाकतात, आणि सर्वांत मोठे धक्के इथेच बसतात. गेल्या काही वर्षांत जगभरातल्या शहरांनी अल्पकालीन भाड्यावर मर्यादा घातल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नोंदणी कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यानुसार तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचे असेल तर नोंदणी लागते, यजमानाने स्वतः त्या घरात उपस्थित राहावे लागते आणि एका वेळी दोनच पाहुणे ठेवता येतात. केवळ भाड्यासाठी घेतलेल्या रिकाम्या फ्लॅटचा मार्ग तिथे जवळजवळ बंद झाला. लंडनमध्ये वेगळी नियोजन परवानगी नसेल तर संपूर्ण घर वर्षातून ९० रात्रींपर्यंतच देता येते. ॲम्स्टरडॅमने ही मर्यादा ३० रात्रींवर आणली. जपानमध्ये जून २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्याने राहत्या घरांसाठी वर्षाला १८० दिवसांची कमाल मर्यादा घातली. बार्सिलोनाच्या महापालिकेने तर २०२४ मध्ये जाहीर केले की पर्यटकांसाठीच्या सदनिकांचे दहा हजारांहून अधिक परवाने २०२८ नंतर नूतनीकृत केले जाणार नाहीत.

या उदाहरणांमधून नव्या माणसाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली म्हणजे ‘चालते’ आणि ‘परवानगी आहे’ यांत फरक आहे. शेजारच्या इमारतीत दहा घरे अशी दिली जात असतील, तर त्यावरून फक्त एवढेच कळते की अजून कोणी कारवाई केलेली नाही. दुसरी म्हणजे परवाना ही कायमची गोष्ट नाही. तो किती वर्षांचा आहे, घर विकल्यावर नव्या मालकाकडे हस्तांतरित होतो की रद्द होतो, आणि नूतनीकरण नाकारण्याचा अधिकार कोणाला आहे, हे लेखी विचारून घ्यावे. चालू व्यवसायासह घर विकणारा मालक परवान्याची किंमतही घराच्या किमतीत धरत असतो. तो परवाना हस्तांतरित होत नसेल, तर आपण अस्तित्वात नसलेल्या गोष्टीचे पैसे देत असतो.

स्थानिक प्रशासनाच्या नियमांच्या जोडीला आणखी तीन कागद वाचावे लागतात. सोसायटीची किंवा मालक संघाची नियमावली, कर्ज देणाऱ्या संस्थेच्या अटी आणि घर ज्या जमिनीवर आहे तिच्या वापराचा प्रकार. नियमावलीत किमान भाडेमुदत लिहिलेली असेल, तर शहराची परवानगी असूनही हात बांधले जातात. सध्या नियम अनुकूल असले तरी ते बदलण्यासाठी किती सभासदांचे मत लागते, हे पाहून ठेवावे. अलीकडच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते मिळाली तर अवश्य वाचावीत. पाहुण्यांच्या गोंगाटाबद्दल तक्रारी वारंवार येत असतील तर नियम कोणत्या दिशेने जाणार आहे, ते तिथे आधीच दिसते.

तिसरा टप्पा: मागणी मोजणे

विक्रेता किंवा दलाल उत्पन्नाचा जो अंदाज देतो, तो बहुधा परिसरातल्या सर्वांत चांगल्या चालणाऱ्या घरावर बेतलेला असतो. आपल्याला हवा असतो तो मधला आकडा. त्यासाठी त्याच भागातली, तेवढ्याच खोल्यांची, तेवढेच पाहुणे मावणारी पंधरा-वीस घरे प्लॅटफॉर्मवर, म्हणजे अशा घरांचे बुकिंग जिथे होते त्या संकेतस्थळावर, निवडून काही महिने त्यांच्या कॅलेंडरवर लक्ष ठेवावे आणि दर आठवड्याला नोंद करावी.

ही नोंद वाचताना दोन गोष्टींनी फसगत होते. कॅलेंडरवर बंद दिसणारी रात्र म्हणजे बुकिंग झालेली रात्र असे नसते. मालकाने स्वतःसाठी किंवा दुरुस्तीसाठीही ती बंद केलेली असू शकते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असूनही क्वचितच कोणी सांगते: कॅलेंडरवर आपल्याला ज्या रात्रींचे दर दिसतात, त्या अजून न विकलेल्या रात्री असतात. म्हणजे कदाचित त्या दराला गिऱ्हाईक मिळालेलेच नसते. त्या दरांची सरासरी काढून उत्पन्नाचा अंदाज बांधला तर तो फुगलेला निघण्याची शक्यता मोठी. म्हणून एखादी रात्र खुली असताना तिचा दर टिपून ठेवावा आणि पुढच्या वेळी ती भरली का ते पाहावे. बाजारातील आकडेवारी विकणाऱ्या सेवाही उपलब्ध आहेत, परंतु त्यांचे आकडेही पुष्कळदा अशाच सार्वजनिक माहितीवरून काढलेले अंदाज असतात. स्वतःच्या नोंदीशी ताडून पाहण्यासाठी त्यांचा उपयोग आहे, नोंदीच्या जागी नाही.

पाहुणे त्या ठिकाणी का येतात, हा प्रश्न आकड्यांइतकाच मोलाचा आहे. केवळ सुटीच्या हंगामावर चालणाऱ्या ठिकाणी चार महिने घर भरलेले आणि आठ महिने अर्धे रिकामे राहू शकते. जिथे मोठे रुग्णालय, विद्यापीठ किंवा उद्योगवसाहत आहे, तिथे रात्रीचा दर कमी मिळतो, पण लोक जास्त दिवस राहतात आणि वर्षभर येतात. नवख्याने दुसऱ्या प्रकारचे ठिकाण निवडावे, असे मला वाटते; त्यात चूक सुधारायला वेळ मिळतो. परिसरातल्या साफसफाई करणाऱ्या आणि चावी सांभाळणाऱ्या लोकांशी बोलावे. कोणती घरे खरोखर भरतात आणि कोणती महिन्यामहिन्याने हात बदलतात, ते त्यांना नेमके ठाऊक असते.

चौथा टप्पा: कागदावरचा हिशोब

इथे एक उदाहरण सविस्तर मांडतो. चलन कोणतेही असो, घराची किंमत १०० मानू. नोंदणी, शुल्क, दुरुस्ती आणि फर्निचर यांवर आणखी १५ खर्च होतात. एकूण ११५ पैकी ७० कर्जाने उभे केले आणि ४५ स्वतःचे घातले. कर्ज वीस वर्षांचे आणि व्याजदर ८ टक्के असेल, तर वर्षाचे हप्ते सुमारे ७ होतात. रात्रीचा दर ०.०७ आहे आणि वर्षातल्या ६० टक्के, म्हणजे २१९ रात्री घर भरते. वार्षिक उत्पन्न होते १५.३. घराच्या किमतीच्या पंधरा टक्क्यांहून जास्त! विक्रेत्याच्या जाहिरातीत हाच आकडा असतो.

आता खर्च पाहू. प्लॅटफॉर्मची दलाली १५ टक्के धरली तर २.३ जातात. साफसफाई, धुलाई आणि साबण-कागदासारख्या वस्तूंवर २. वीज, पाणी, इंटरनेट, मालमत्ता कर, देखभाल शुल्क आणि विमा मिळून १.८. दुरुस्ती आणि फर्निचर बदलण्यासाठी बाजूला ठेवायचे ०.९. मालक स्वतः सगळे सांभाळत असेल तर हप्त्यापूर्वी ८.३ उरतात आणि हप्ते भरल्यावर १.३. स्वतःच्या ४५ भांडवलावर हा परतावा तीन टक्क्यांनाही पोचत नाही, आणि त्यात मालकाच्या वर्षभराच्या श्रमांचे मोल शून्य धरलेले आहे. व्यवस्थापक नेमून त्याला उत्पन्नाच्या २० टक्के दिले, तर ३.१ आणखी जातात आणि वर्षाअखेर खिशातून १.८ घालावे लागतात.

या उदाहरणातून काढण्यासारखा सर्वांत उपयोगी आकडा म्हणजे तोट्यातून बाहेर येण्यासाठी किती रात्री भराव्या लागतील हा. प्रत्येक भरलेल्या रात्रीतून दलाली आणि साफसफाई वजा जाता साधारण ०.०५ उरतात. हप्ते, ठरावीक खर्च आणि राखीव रक्कम मिळून ९.७ होतात. म्हणजे स्वतः सांभाळल्यास सुमारे १९३ रात्री आणि व्यवस्थापक असल्यास सुमारे २६७ रात्री घर भरले पाहिजे. वर्षाला १८० दिवसांची मर्यादा असलेल्या ठिकाणी हेच घर, याच दराने आणि याच कर्जावर, कितीही सुंदर सजवले तरी फायद्यात येऊ शकत नाही. परवानगीचा टप्पा हिशोबाच्या आधी का ठेवला, ते यावरून लक्षात येईल.

आपल्या घराचे आकडे अर्थातच वेगळे असतील; दर चांगला असेल, कर्ज कमी असेल. मात्र तीन वेळा हिशोब करावा: अपेक्षेप्रमाणे, रात्री पंधरा टक्क्यांच्या फरकाने कमी भरल्या तर, आणि अल्पकालीन भाडे पूर्ण बंद पडून घर नेहमीच्या भाडेकरूला द्यावे लागले तर. वरच्या उदाहरणात रात्री ६० ऐवजी ४५ टक्केच भरल्या, तर स्वतः सांभाळूनही वर्षाला सुमारे १.४ चा तोटा होतो. तिसऱ्या हिशोबाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. नेहमीच्या भाड्यात हप्ता पूर्ण सुटला नाही तरी चालेल, पण जी तूट येईल ती आपल्या इतर उत्पन्नातून वर्ष-दोन वर्षे ओढाताण न होता भरता आली पाहिजे. ते शक्य नसेल तर ते घर सोडून द्यावे, मग बाकीचे आकडे कितीही मोहक असोत.

पाहुण्यांचा सरासरी मुक्काम किती रात्रींचा आहे, याकडे हिशोबात नेहमी दुर्लक्ष होते. २१९ रात्री दोन-दोन रात्रींच्या मुक्कामांनी भरल्या तर सुमारे ११० वेळा घर साफ करावे लागते. पाच-पाच रात्रींच्या मुक्कामांनी भरल्या तर ४४ वेळा. उत्पन्न तेच, पण कामाचा आणि धुलाईचा खर्च निम्म्याहून कमी. किमान मुक्कामाची अट ठेवल्याने काही रात्री रिकाम्या राहतात हे खरे, तरीही पुष्कळदा ती अटच फायद्याची ठरते.

पाचवा टप्पा: कर्ज, विमा आणि कर

राहण्यासाठी घेतलेल्या घराचे कर्ज आणि गुंतवणुकीसाठी घेतलेल्या घराचे कर्ज यांच्या अटी आणि व्याजदर बहुधा वेगळे असतात. कमी व्याजासाठी खोटा हेतू लिहून देणे म्हणजे कर्जसंस्थेची फसवणूक आहे, हे स्पष्टपणे लक्षात ठेवावे. व्याजदर बदलता असेल तर तो दोन टक्क्यांनी वाढल्यावर हप्ता किती होईल, हेही वरच्या हिशोबात घालून पाहावे. सहा महिन्यांचे हप्ते आणि ठरावीक खर्च भागतील एवढी रक्कम घर घेतल्यानंतरही हाताशी उरली पाहिजे.

घराच्या सर्वसाधारण विमा पॉलिसीत व्यावसायिक वापर पुष्कळदा वगळलेला असतो. पाहुणा जिन्यावरून पडला किंवा त्याच्या हातून आग लागली, तर अशा पॉलिसीचा उपयोग होत नाही. प्लॅटफॉर्म जे संरक्षण देतात त्याला मर्यादा आणि अटी असतात. ते स्वतंत्र विम्याची जागा घेत नाही. पाहुण्याच्या इजेची जबाबदारी आणि भाड्याचे बुडालेले उत्पन्न या दोन्ही गोष्टी समाविष्ट करणारी पॉलिसी मागावी आणि घर अल्पकालीन भाड्याने दिले जाते, हे विमा कंपनीला लेखी कळवावे.

कराच्या बाबतीत, हे उत्पन्न घरभाडे मानले जाईल की व्यवसायाचे उत्पन्न, यावर वजावटी अवलंबून असतात, आणि अनेक ठिकाणी मुक्कामावर वेगळा करही असतो. पहिल्या बुकिंगच्या आधी करसल्लागाराला एकदा भेटावे. व्यवसायासाठी बँकेत वेगळे खाते पहिल्या दिवसापासून ठेवावे.

सहावा टप्पा: घर पाहणे

मालकी हक्काची कागदपत्रे, घरावरील बोजा, थकीत देणी आणि मंजूर नकाशा यांची तपासणी वकिलाकडून करून घ्यावी. ती कोणत्याही घरखरेदीत लागतेच. अल्पकालीन भाड्यासाठी काही गोष्टी जास्तीच्या पाहाव्या लागतात. घराला दोन वेळा भेट द्यावी, एकदा दिवसा आणि एकदा सुटीच्या आदल्या रात्री, म्हणजे आवाज, पार्किंग आणि रस्त्यावरचा उजेड यांची खरी स्थिती कळते. अनोळखी माणसाला रात्री सामान घेऊन दार सापडेल का, मोबाइलला रेंज आहे का, इंटरनेटचा वेग प्रत्यक्ष मोजल्यावर किती येतो, सर्व पाहुणे एकापाठोपाठ आंघोळ करतील एवढे गरम पाणी मिळते का, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना आवाज किती जातो, हे सगळे तपासावे. शेजाऱ्यांना आपला हेतू आधी सांगून त्यांचे म्हणणे ऐकून घेणे शिष्टाचाराचे तर आहेच, पण परवाना टिकवण्याच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे आहे, कारण कारवाईची सुरुवात बहुधा शेजाऱ्याच्या तक्रारीतून होते.

सातवा टप्पा: घर सज्ज करणे आणि चालवणे

सजावटीवर होणाऱ्या खर्चाबद्दल माझा आग्रह असा आहे की गादी, पडदे, पाण्याचे नळ आणि कुलूप यांवर हात सैल सोडावा आणि शोभेच्या वस्तूंवर आखडता घ्यावा. झोप नीट झाली नाही तर पाहुणा ते अभिप्रायात लिहितो. भिंतीवरचे चित्र त्याच्या लक्षातही राहत नाही. प्रत्येक पलंगासाठी चादरी-टॉवेलांचे तीन संच असावेत, एक वापरात, एक धुलाईत आणि एक कपाटात. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे अलार्म, अग्निशामक नळकांडे, प्रथमोपचार पेटी आणि बाहेर पडण्याच्या मार्गाचा फलक या गोष्टी नियमात असोत वा नसोत, लावाव्यातच. घराच्या आत कॅमेरा ठेवू नये. एअरबीएनबी या प्लॅटफॉर्मने एप्रिल २०२४ च्या अखेरपासून घरातील कॅमेऱ्यांवर जगभर बंदी घातली आहे, आणि ती नसती तरी पाहुण्याच्या खासगीपणाचा मान राखणे हे यजमानाचे कर्तव्यच आहे.

वर्णन लिहिताना दोष लपवू नयेत. लिफ्ट नाही, सकाळी रस्त्याचा आवाज येतो, दुसरी खोली लहान आहे, हे आधी सांगितले की त्या गोष्टींवरून रुष्ट होणारे पाहुणे मुळात बुकिंगच करत नाहीत. पहिल्या काही मुक्कामांसाठी दर थोडा कमी ठेवणे योग्य, कारण सुरुवातीच्या अभिप्रायांशिवाय नवे घर शोधात वर येत नाही. मात्र दर इतका खाली आणू नये की केवळ स्वस्ताईमुळे येणाऱ्यांची गर्दी होईल. साफसफाई करणाऱ्या व्यक्तीला वेळेवर आणि चांगला मोबदला द्यावा. घराची खरी स्थिती तिला सर्वांत आधी दिसते, आणि ती सोडून गेली तर एका आठवड्यात व्यवसाय कोलमडू शकतो. पर्यायी माणूस पहिल्या महिन्यातच शोधून ठेवावा.

सर्व बुकिंग एकाच प्लॅटफॉर्मवरून येत असतील तर त्याचे नियम हे आपले नियम होतात. मार्च २०२० मध्ये महासाथ पसरली तेव्हा एअरबीएनबीने पाहुण्यांना पूर्ण परतावा देण्याचा निर्णय घेतला, आणि यजमानांनी स्वतः निवडलेल्या रद्दीकरणाच्या अटी बाजूला पडल्या. पुढे यजमानांसाठी २५ कोटी डॉलरची मदत जाहीर झाली, तरी ती बुडालेल्या रकमेचा काही अंशच होती. ज्यांनी अनेक घरे भाड्याने घेऊन पुढे दिली होती, त्यांच्यावर मालकांच्या भाड्याचे ओझे तसेच राहिले. दुसरा प्लॅटफॉर्म, परिसरातल्या संस्थांशी थेट संबंध आणि पुन्हा येणारे पाहुणे यांतून उत्पन्नाचा काही भाग तरी यावा, यासाठी पहिल्या वर्षापासून प्रयत्न करावा.

आठवा टप्पा: पहिले वर्ष आणि बाहेर पडण्याची वाट

दर महिन्याला चार आकडे लिहावेत: भरलेल्या रात्री, प्रत्यक्ष हाती आलेला सरासरी दर, एकूण खर्च आणि स्वतः दिलेले तास. पहिल्या तीन महिन्यांवरून काही ठरवू नये, कारण त्यांत नवेपणाचा किंवा हंगामाचा परिणाम असतो. पूर्ण वर्ष झाल्यावर हे आकडे चौथ्या टप्प्यातल्या कागदाशेजारी ठेवावेत आणि दिलेल्या तासांना बाजारातल्या मजुरीचा दर लावून उरलेला नफा पाहावा. तो उरत नसेल तर दुसरे घर घेण्याचा विचार पुढे ढकलावा.

विकण्याची वेळ आली तर खरेदीदाराला कर्ज देणारी संस्था घराचे मूल्य बहुधा आसपासच्या तशाच घरांच्या किमतीवरून ठरवते. आपल्या बुकिंगच्या नोंदी आणि महागडे फर्निचर त्यात फारसे धरले जात नाही. म्हणून खरेदी करतानाच, राहण्यासाठी घर शोधणारे साधे कुटुंब ही किंमत देईल का, असा प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर नकारार्थी असेल तर किंमत खाली येईपर्यंत सही करू नये.